गोव्यात एअरसॉफ्ट खेळताना सामान अंगावर कसं वागवावं

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा लढाईचा खेळ. त्याची आवड लागली की सगळ्यांचा जीव आधी बंदुकीत अडकतो. मग गॉगल, मग कपडे. सामान अंगावर लावायचं कसं, हा विचार खेळाच्या आदल्या रात्री होतो, तोही हाताशी असेल ते पिशवीत कोंबता कोंबता. दुपारी खांदे भरून येतात, पाण्याची बाटली पोटरीवर आपटत राहते आणि भरलेलं मॅगझीन, म्हणजे बंदुकीला लागणारी गोळ्यांची डबी, ऐन वेळी पाउचमधून निघत नाही. गोव्याच्या हवेत हे जास्तच जाणवतं. इथे घाम सुकत नाही. अंगाला चिकटलेला प्रत्येक पट्टा तासाभरात काचायला लागतो. थंड, कोरड्या देशांतल्या खेळाडूंची मांडणी व्हिडिओत पाहून जशीच्या तशी उचलली, तर पेडण्याच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) किंवा सत्तरीतल्या काजूच्या बागेत ती टिकत नाही.

या लेखाचं सूत्र एवढंच आहे: वजन कमी करा, उरलेलं खांद्यावरून कमरेवर उतरवा आणि घामाला बाहेर पडायला वाट ठेवा. हे कसं करायचं ते आता क्रमाने बघू.

आधी काटा, मग खरेदी

खोलीत चादर अंथरा आणि खेळाला नेता ते सगळं तिच्यावर मांडा. स्वयंपाकघरातला काटा किंवा सामान टांगून मोजायचा छोटा काटा घ्या आणि एकेक वस्तू तोला. आकडे कागदावर उतरवा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढचे निम्मे निर्णय याच कागदावर होतात.

साधारण हिशोब असा निघतो. बॅटरीवर चालणारी एम४ धाटणीची रायफल अडीच ते साडेतीन किलो भरते. प्लास्टिकचं रिकामं मिड-कॅप (मध्यम क्षमतेचं) मॅगझीन शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं. अशी पाच घेतली आणि प्रत्येकात १२० बीबी, म्हणजे त्या प्लास्टिकच्या गोळ्या, भरल्या, तर ६०० बीबी झाल्या. ०.२५ ग्रॅमच्या हिशोबाने त्यांचं वजन होतं फक्त १५० ग्रॅम. म्हणजे पाच भरलेली मॅगझीन पाऊण किलोच्या आसपास. दोन लिटर पाणी मात्र सरळ दोन किलो. बंदूक हातात आणि स्लिंगवर, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर असते, तेव्हा अंगावरच्या सामानात सगळ्यात जड वस्तू पाणीच.

बहुतेक जण मॅगझीनच्या पाउचपासून मांडणी सुरू करतात आणि पाणी उरलेल्या जागेत लटकवतात. उलटं करा. पाणी कुठे राहील ते आधी ठरवा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

मॅगझीन किती घ्यायची हे फेरीवर अवलंबून आहे. सेमी-ऑटोचा नियम (एकदा घोडा दाबला की एकच गोळी) आणि वीस-पंचवीस मिनिटांची फेरी असेल, तर बंदुकीत एक आणि अंगावर तीन पुरतात. मधे बेसवर, म्हणजे आपल्या तळावर, येऊन पुन्हा भरता येतं. आठ-आठ मॅगझीन छातीवर रचून फिरण्यात अर्थ नाही. दिवसभर चालणारा, बेसवर परतायची मुभा नसलेला खेळ असेल तरच सहाच्या पुढे जा.

तीन जागा ठरवा

चादरीवरच्या वस्तूंचे तीन ढीग करा. पहिला ढीग खिशातला: शिट्टी, ओळखपत्र, थोडे पैसे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल, नेहमीचं औषध. बेल्ट आणि रिग (छातीवर बांधायची पाउचांची पट्टी) काढून ठेवली तरी हे अंगावर राहिलं पाहिजे. दुसरा ढीग खेळातला: मॅगझीन, पाणी, पिस्तूल असेल तर होल्स्टर, बाद झाल्यावर दाखवायचं लाल फडकं, छोटी प्रथमोपचाराची पिशवी. तिसरा ढीग बेसवरच्या बॅगेचा: सुट्या बीबी, जादा बॅटरी, डबा, टॉवेल, कोरडा टी-शर्ट, गॉगल पुसायचं फडकं.

हे फडकं मुद्दाम बेसवर ठेवायला सांगतो आहे. खिशात असलं की मैदानातच गॉगल वर करून पुसायचा मोह होतो. गॉगलवर वाफ धरली तर हात वर करून बाद व्हा, सुरक्षित जागेत या आणि मगच तो काढा. डोळ्यांच्या बाबतीत सवलत नाही.

दुसरा ढीग पाहताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: गेल्या वेळी ही वापरली का? प्रथमोपचार सोडून ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल, ते तिसऱ्या ढिगात टाका.

बेल्ट, चेस्ट रिग की प्लेट कॅरिअर

प्लेट कॅरिअर, म्हणजे संरक्षक प्लेट बसवायचं जाकीट, दिसायला रुबाबदार असतो, त्यामुळे नव्या खेळाडूचं मन तिथेच जातं. माझं मत स्पष्ट आहे: गोव्यात ऑक्टोबर ते मे या काळात त्याची गरज नाही. तो छाती आणि पाठ दोन्ही झाकतो, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीराला नेमकी तीच जागा हवी असते. आत फोमच्या नकली प्लेट असल्या तर हवा मुळीच खेळत नाही. बीबी जवळून लागण्याची भीती वाटत असेल, तर खाली थोडा जाड, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तेवढं पुरे.

नुसता बेल्ट ही सर्वांत थंड मांडणी. रुंद, कडक बेल्टवर तीन मॅगझीन, एक डंप पाउच (रिकामी मॅगझीन टाकायची पिशवी) आणि एक बाटली बसते. छाती आणि पाठ मोकळी राहते, पालथं पडून सरपटता येतं. छोट्या फेऱ्यांसाठी आणि नवशिक्यांसाठी मी हाच सुचवेन. वजन वाढलं की बेल्ट खाली घसरतो. मग त्याला खांद्यावरून जाणारे हलके पट्टे जोडा. अमेरिकी सैन्याने १९७३ साली घेतलेली ‘ॲलिस’ पद्धत याच कल्पनेवर उभी होती: भार कमरेवर, खांद्यावरचे पट्टे फक्त बेल्ट जागेवर ठेवायला.

चेस्ट रिग मोठ्या खेळासाठी चांगली. मॅगझीन डोळ्यांसमोर राहतात, गुडघ्यावर बसलं तरी हाताशी येतात. तिचा सगळा भार मात्र खांद्यांवर पडतो आणि पालथं पडलात की पाउच छातीखाली येतात. जांभ्याच्या खडबडीत जमिनीवर ते फार टोचतं. म्हणून रिग घ्यायचीच तर एका थरात बसणारी, तीन-चार मॅगझीनची, पाठीला जाळी किंवा नुसते पट्टे असलेली घ्या. पाठीमागे इंग्रजी ‘एच’सारखे सरळ पट्टे असतील तर भार जास्त जागेवर पसरतो, पाण्याची, नळीने प्यायची पिशवीही नीट अडकवता येते. ‘एक्स’सारखे तिरपे पट्टे हलके आणि हवेशीर असतात, पण जाड भाग मानेजवळ आला तर स्लिंगखाली काचतो. खरेदी करताना आपली स्लिंग बरोबर न्या आणि दोन्ही एकत्र घालून बघा.

बायकांना आणि बुटक्या बांध्याच्या खेळाडूंना एकसंध चेस्ट रिग अनेकदा बसत नाही, छातीवर उचलली जाते. पुढून मधोमध उघडणारी, दोन भागांची रिग किंवा सरळ बेल्ट आणि खांदेपट्टे ही जोडी जास्त सोयीची पडते.

नुसता बेल्ट पुरत नसेल, तर माझी शिफारस ही: बेल्टवर पाणी आणि डंप पाउच, छातीवर फक्त तीन मॅगझीनची पातळ रिग. जड ते कमरेवर, लगेच लागणारं ते छातीवर.

अंगावर बसवणं

इथे घाई करू नका. महागडं सामानही नीट बसवलं नाही तर त्रास देतं, आणि साधं सामान नीट बसवलं तर दिवस निभावतं.

कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारं हाड शोधा. बेल्टची वरची कड त्या हाडाच्या किंचित वर आली पाहिजे, म्हणजे बेल्ट हाडावर टेकतो आणि घसरत नाही. आत पँटच्या लूपमधून वेल्क्रोचा पातळ बेल्ट आणि त्यावर चिकटणारा बाहेरचा रुंद बेल्ट, अशी जोडी असेल तर सगळ्यात उत्तम. पाणी पिऊन, जेवल्यावर पोट थोडं फुगतं, हे लक्षात घेऊन दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा.

रिगची वरची कड साधारण काखेच्या पातळीला आणि खालची बेंबीच्या वर राहू द्या. आता गुडघ्यावर बसा. मांडी पाउचला लागली तर रिग वर घ्या. मान खाली घालून पाहिलं आणि हनुवटी मॅगझीनवर टेकली तर ती खाली घ्या. पट्टे उभ्याने आवळू नका. थोडं वाकून, हात पुढे घेऊन, बंदूक खांद्याला लावल्यासारखे उभे राहा आणि त्या स्थितीत ओढा. उभ्याने ताठ आवळलेला पट्टा वाकलं की काखेत रुततो.

बसलं की पट्ट्यांवर कायम टिकणाऱ्या मार्करने खूण करा. धुताना पट्टे सैल होतात. खूण असली की पुन्हा तासभर घालवावा लागत नाही. लोंबणारी टोकं गुंडाळून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे गोल काप उत्तम. पंक्चरवाल्याकडे ट्यूब सहज मिळते, काप पाण्याने सुटत नाहीत आणि झुडपात पट्टाही अडकत नाही.

कुठे काय

उजव्या हाताने खेळत असाल तर मॅगझीन डावीकडे, कारण बदलताना उजवा हात बंदुकीवरच राहतो. डावखुऱ्यांनी उलट. मॅगझीन पाउचमध्ये उलटी, म्हणजे बीबी निघायचं तोंड खाली आणि सगळ्यांची पुढची बाजू एकाच दिशेला ठेवा. हात न बघता जातो आणि बदल एका हालचालीत होतो. लाल मातीची धूळही तोंडात कमी जाते.

रिकामी मॅगझीन पुन्हा पाउचमध्ये बसवत बसू नका. त्यासाठी डाव्या कुल्ल्याच्या किंचित मागे डंप पाउच लावा. पाणी उजव्या कुल्ल्याच्या मागे ठेवलं की दोन्ही बाजूंचा तोल जमतो. पाठीच्या कण्यावर, अगदी मधोमध, कडक काहीही लावू नका: मागे पडलात तर तेच मणक्याला लागतं, आणि गाडीच्या सीटवरही टेकून बसता येत नाही.

मांडीवर लटकणारा होल्स्टर धावताना फिरतो, दर पावलाला मांडीला ओढ देतो. तो बेल्टला लागून, किंचित खाली ठेवा. प्रथमोपचाराची पिशवी अशा जागी हवी की दोन्हीपैकी कुठलाही हात पोचेल. लाल फडकं छातीच्या वरच्या खिशात, एक टोक बाहेर.

पाउच लावताना एक चूक सर्रास होते. मॉली या पाउच अडकवायच्या पद्धतीत रिगवर एक इंच रुंदीच्या पट्ट्यांच्या ओळी असतात, मधे एक इंच मोकळी जागा, आणि दर दीड इंचावर शिवण. पाउचच्या मागेही तशाच ओळी असतात. पाउचचा लांब पट्टा आधी रिगच्या ओळीतून, मग पाउचच्या मागच्या ओळीतून, पुन्हा रिगच्या, असा आलटून पालटून विणत न्यायचा असतो. अनेक जण तो नुसता रिगमधून सरळ खाली ओढतात आणि बटण लावतात. पाउच लागल्यासारखा दिसतो, पण धावलं की घंटेसारखा हलतो. पाउच चिमटीत धरून जोराने ओढून बघा. विणलेला असेल तर रिगसकट येतो. वेगळा लोंबला तर सोडून पुन्हा विणा.

स्लिंगबद्दल थोडक्यात: दोन टोकांची (बंदुकीला दोन जागी अडकणारी), रुंद आणि सगळ्यात वरून घातलेली. एका टोकाची स्लिंग सोडली की बंदूक गुडघ्यांत येते.

पाणी आणि उष्णता

समुद्रकाठच्या दमट हवेत घाम येतो पण उडत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मार्चनंतर सकाळी लवकर खेळा आणि अकराच्या आत मोठ्या फेऱ्या आटपा. सड्यावर सावली नसते आणि जांभा दगड तापतो, तिथे तर हे पाळाच.

तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. धावपळीच्या खेळात तासाला अर्धा ते पाऊण लिटर हा बहुतेकांना चालणारा अंदाज. बराच वेळ घाम गेला असेल तर ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. नळीची पिशवी वापरत असाल तर तिच्यात फक्त साधं पाणी भरा. कोकम किंवा लिंबाचं सरबत बाटलीत. साखर नळीत राहिली की इथल्या हवेत दोन दिवसांत आत बुरशी धरते. पिशवी पाठीला थेट टेकवण्यापेक्षा मधे जाळीचा थर असू द्या.

जोडीदाराचा चेहरा पाहत राहा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं दिसलं की खेळ तिथेच थांबवा, त्याला सावलीत न्या आणि रिग-बेल्ट ताबडतोब सोडा. यासाठीच एका ओढीत सुटणारी बकलं चांगली, आणि ती कशी सुटतात हे सोबत्यांनाही माहीत हवं. शुद्ध हरपत असेल किंवा बोलण्याचा ताळमेळ नसेल, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत तडक रुग्णालय गाठा.

जमिनीवर ठेवू नका

हा भाग गोव्यातल्या प्रत्येक खेळाडूने मनावर घ्यावा. गोचिडींतून पसरणारा माकडताप सत्तरीत आहे. २०१५ पासून तिथे रुग्ण आढळले आहेत. त्याचा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात. माणसाला मुख्यतः गोचिडीची पिल्लं चावतात. ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे ऐन काजूचा आणि ऐन आपल्या खेळाचाच काळ.

चेस्ट रिगची जाळी, पाउचच्या मागच्या ओळी, बेल्टचा फोम ही त्यांना लपायला आयती जागा. विश्रांतीच्या वेळी रिग वाळक्या पाल्यावर टाकू नका. बेसवर दोरी बांधा, तिला हुक लावा आणि सामान टांगून ठेवा. बसायला ताडपत्री किंवा खुर्ची घ्या. पँटचे पाय मोज्यात खोचा. जंगलाला लागून खेळणार असाल तर गोचीड पळवणारं मलम किंवा तेल लावा, पण एक काळजी घ्या: डीईईटी हे कीटक पळवणारं रसायन असलेलं द्रव्य काही प्रकारच्या प्लास्टिकला खातं. ते गॉगलच्या भिंगाला किंवा बकलांना लागू देऊ नका. लावल्यावर हात पुसा, मगच गॉगलला हात लावा.

घरी पोचल्यावर रिग अंगणातच झटका, आंघोळ करताना काख, जांघ, गुडघ्यामागची जागा तपासा. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा. आणि एखाद्या वाड्यावर रुग्ण सापडल्याची किंवा माकडं मेल्याची बातमी असेल, तर त्या बागेत खेळू नका.

स्कूटरवरून मैदानापर्यंत

आपल्यापैकी बहुतेक जण खेळाला दुचाकीवरून जातात. बंदूक नेहमी बंद बॅगेत, मॅगझीन काढलेलं, बॅटरी वेगळी. लांब बॅग पाठीवर उभी लावली की वारा धरते आणि वळणावर तोल जातो. ती तिरपी बांधा किंवा मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सीटखालच्या डिकीत ठेवू नका, तिथे इंजिनाची आणि उन्हाची दोन्ही उष्णता पोचते. आगरोधक पिशवीत घालून पाठीवरच्या सॅकमध्ये न्या.

बेल्ट, रिग, छलावरणाचे (कॅमोफ्लाज नक्षीचे) कपडे घालून रस्त्यावरून जाऊ नका. मैदानावर पोचून कपडे बदला आणि निघण्याआधी पुन्हा बदला. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकासारखा पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला, तरी रस्त्यावर पाहणाऱ्याला तो कळणार कसा? दाबोळीला नौदलाचा तळ, बांबोळीला लष्कराची छावणी असलेल्या राज्यात लोक आणि पोलीस सावध असतातच. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी झालेली आहे. ती नक्षी तर घेऊच नका. लाल मातीत आणि वाळक्या गवतात साधा खाकी, तपकिरी, फिका हिरवा रंग छान मिसळतो.

घरची चाचणी

मैदानावर नेण्याआधी सगळं भरून, पाण्यासकट, अंगावर चढवा. वीस मिनिटं चाला, जिने चढा-उतरा. गुडघ्यावर बसा, पालथे पडा, कुशीवर वळा. जागच्या जागी उड्या मारा आणि आवाज ऐका. खडखडलं तर तिथे कापड किंवा चिकटपट्टी लावा. डोळे मिटून मॅगझीन दहादा काढा. मग रिग उतरवून अंग बघा. जिथे लाल वळ उठला असेल, तिथे दुपारपर्यंत सालटं निघणार हे नक्की. पट्टा रुंद करा, सरकवा किंवा खाली मऊ कापड शिवून घ्या. म्हापसा, मडगावला बॅगा शिवणारे कारागीर नायलॉनची पट्टी, बकल आणि जाड सुईचं मशीन ठेवून असतात. नमुना दाखवला की पाउच आणि खांद्याची गादी माफक पैशात शिवून देतात.

कापड घेताना ५०० डेनिअरचं (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा नायलॉन आपल्या हवेला पुरतं. १००० डेनिअरचं जास्त टिकतं, पण जड असतं आणि सुकायला वेळ घेतं. पाउचच्या तळाला पाणी निघायला भोक आहे ना, तेही बघा.

खेळ झाल्यावर

घामाचं मीठ आणि लाल माती शिलाईत राहिली की तीच पुढच्या वेळी अंगाला घासते. मॅगझीन, बॅटरी काढा, गार पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने रिग धुवा, वॉशिंग मशीन टाळा. वाळत घालताना सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. कडक उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होतं. पाण्याची पिशवी उघडी करून उलटी टांगा, नळी वेगळी काढून.

जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. त्या काळात रिग बंद बॅगेत कोंबून ठेवू नका. ती हँगरवर मोकळी टांगा, आठवड्यातून एकदा पंख्याखाली धरा आणि बकलांच्या स्प्रिंगना, धातूच्या कड्यांना पुसटसा सिलिकॉन तेलाचा हात फिरवा. मॅगझीन अर्धवट भरलेली ठेवू नका, स्प्रिंग मोकळी असू द्या. बॅटरी पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा चार्जरवरच्या ‘स्टोरेज’ पातळीला, म्हणजे प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर आणून, कोरड्या डब्यात ठेवा आणि डबा लाकडी कपाटापासून दूर असू द्या.